रंगव्यवस्थापन, मुद्रणातील

मूळ चित्र, संगणकाचा पडदा, नमुना प्रत आणि मुद्रणयंत्रातून निघणारा छापील कागद या सर्व ठिकाणी एकच रंग शक्य तितका सारखा दिसावा, यासाठी रंगांचे मापन, रूपांतर व नियंत्रण करण्याच्या पद्धतशीर व्यवस्थेस रंगव्यवस्थापन असे म्हणतात. पुस्तके, नियतकालिके, नकाशे, वेष्टने, कलाकृतींच्या प्रतिकृती इत्यादींचे दस्तऐवज आता संगणकावर तयार होत असल्याने या व्यवस्थेला विशेष महत्त्व आले आहे. ही संज्ञा १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. परंतु तिच्यामागील प्रश्न रंगीत मुद्रणाइतकाच जुना आहे. छापलेला रंग बरोबर आहे की नाही हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाचे, हा तो प्रश्न होय. प्रदीर्घ काळ त्याचे उत्तर कारागिराची नजर हे होते. विसाव्या शतकात ते क्रमाक्रमाने मोजलेल्या आणि सर्वमान्य केलेल्या अंकांकडे गेले. रंगव्यवस्थापनाचा इतिहास हा मुख्यतः या स्थित्यंतराचा इतिहास आहे.

मूळ समस्या : संगणकाचा पडदा लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचा प्रकाश बाहेर टाकतो व त्यांच्या बेरजेतून इतर रंग निर्माण करतो, तिन्ही पूर्ण तीव्रतेने मिसळले असता पांढरा रंग दिसतो. कागदावरील शाई याच्या उलट कार्य करते. ती कागदावर पडणाऱ्या पांढऱ्या प्रकाशातील काही भाग शोषून घेते आणि उरलेला प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हे वजाबाकीचे मिश्रण होय. त्यासाठी निळसर हिरवी म्हणजे सायन, किरमिजी म्हणजे मॅजेंटा आणि पिवळी अशा तीन शाया वापरतात व गडद छटांसाठी काळी शाई जोडतात. शाया आदर्श असत्या, तर तीन शायांच्या समान प्रमाणातून शुद्ध करडा रंग मिळाला असता. प्रत्यक्षात किरमिजी शाई काही निळा प्रकाश शोषते, तर निळसर हिरवी शाई थोडा हिरवा व निळा प्रकाशही शोषते. त्यामुळे समान प्रमाणात मिसळलेल्या तीन शायांतून तपकिरी झाक असलेला रंग मिळतो व करड्या रंगासाठी निळसर हिरव्या शाईचे प्रमाण इतर दोहोंपेक्षा अधिक ठेवावे लागते. शिवाय पडद्यावर दिसणारे काही तेजस्वी हिरवे, निळे व नारिंगी रंग या चार शायांतून मिळूच शकत नाहीत. प्रत्येक साधनाच्या आवाक्यातील रंगांच्या या समूहास त्या साधनाची रंगकक्षा म्हणतात. कागद, शाई व यंत्र बदलले की रंगकक्षाही बदलते.

प्रारंभ : आयझॅक न्यूटन यांचा प्रकाशविषयक ग्रंथ १७०४ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर मोजक्या मूळ रंगांतून सर्व रंग मिळवता येतील, या कल्पनेला शास्त्रीय आधार लाभला. फ्रँकफुर्ट येथे जन्मलेला चित्रकार व उत्कीर्णक याकोप क्रिस्टोफ ल ब्लाँ (१६६७–१७४१) याने या कल्पनेचा मुद्रणात उपयोग केला. निळी, पिवळी व तांबडी अशा तीन शायांसाठी तीन स्वतंत्र ताम्रपट्टिका तयार करून त्या एकापाठोपाठ एक छापण्याची त्याची पद्धत होती. तिचे एकस्व त्याला १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये मिळाले. पुढे त्याने काळ्या शाईची चौथी पट्टिकाही वापरली. चार शायांच्या मुद्रणाचे तत्त्व अशा रीतीने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रस्थापित झाले. तथापि चित्रातील कोणत्या भागात कोणती शाई किती असावी, हे ल ब्लाँला केवळ नजरेने ठरवून हाताने कोरावे लागे. हे काम इतके कष्टाचे व खर्चाचे होते, की लंडनमधील त्याचा व्यवसाय बुडाला आणि पद्धतीचा प्रसार मर्यादित राहिला.

आलोइस झेनेफेल्डर (१७७१–१८३४) याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिलामुद्रणाचा शोध लावला. या पद्धतीने रंगीत चित्रे छापण्याचे एकस्व गोदफ्र्वा एंगेलमान (१७८८–१८३९) याला १८३७ मध्ये फ्रान्समध्ये मिळाले [⟶ शिलामुद्रण]. रंगीत शिलामुद्रणात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा तयार करावी लागे. उत्तम चित्रासाठी अशा पंधरा-वीस किंवा त्यांहूनही अधिक शिळा वापरल्या जात. मूळ चित्र पाहून ते इतक्या रंगांत विभागणारा शिलाचित्रकार हा या व्यवसायातील सर्वांत मोलाचा कारागीर होता. महाराष्ट्रात या तंत्राचे ठळक उदाहरण म्हणजे राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या चित्रांच्या प्रतिकृतींसाठी १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना. जर्मन तंत्रज्ञांच्या साहाय्याने चाललेला हा छापखाना नंतर लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला व विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथून निघालेली देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली. मूळ तैलचित्र न पाहिलेल्या असंख्य लोकांच्या मनात लक्ष्मी व सरस्वती यांच्या वस्त्रांचे रंग ठसले, ते शिळेवर काम करणाऱ्या कारागिरांनी निवडलेले होते. रंगाच्या निर्णयाची जबाबदारी कोणाकडे होती, हे यावरून स्पष्ट होते. हा छापखाना १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला.

छायाचित्रीय रंगविभाजन : मानवी डोळ्यांत तीन प्रकारचे रंगसंवेदी घटक असावेत, अशी कल्पना टॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडली होती. जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी १८६१ मध्ये लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तीन रंगीत गाळण्यांतून घेतलेली एकाच वस्तूची तीन छायाचित्रे पडद्यावर एकत्र टाकून रंगीत प्रतिमा दाखविली. फ्रान्समध्ये ल्वी द्यूको द्यू ओराँ (१८३७–१९२०) आणि शार्ल क्रो (१८४२–८८) यांनी १८६९ मध्ये परस्परांशी संबंध नसताना जवळजवळ एकाच वेळी वजाबाकीच्या मिश्रणावर आधारलेली पद्धत मांडली. तीत गाळण्यांमधून घेतलेल्या तीन छायाचित्रांवरून तीन शायांच्या प्रतिमा तयार करावयाच्या होत्या. छायाचित्रणाच्या तत्कालीन काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल (१८३४–९८) यांनी १८७३ मध्ये विशिष्ट रंजकद्रव्यांच्या साहाय्याने त्यांची संवेदनशीलता इतर रंगांपर्यंत वाढविता येते, हे दाखविले आणि रंगविभाजन व्यवहार्य होण्याचा मार्ग खुला झाला.

छायाचित्रातील सलग छटा एकाच तीव्रतेच्या शाईने छापण्यासाठी त्या लहानमोठ्या ठिपक्यांत विभागाव्या लागतात. अशा हाफटोन ठशांचा विकास जर्मनीत गेओर्ख माइझेनबाख (१८४१–१९१२) व अमेरिकेत फ्रेडरिक आयव्हझ (१८५६–१९३७) यांनी केला. फिलाडेल्फिया येथील लेव्ही बंधूंनी काचेवर कोरलेल्या रेषांच्या अचूक जाळ्या बनविल्या. भारतात कलकत्ता येथे उपेंद्रकिशोर राय चौधरी (१८६३–१९१५) यांनी या ठशांवर स्वतंत्र गणिती व प्रायोगिक संशोधन केले. १८९७ पासून त्यांचे लेख पेनरोझ या मुद्रणविषयक ब्रिटिश वार्षिकात प्रसिद्ध झाले. रंगीत मुद्रणात चारही शायांच्या जाळ्या एकाच कोनात ठेवल्यास ठिपक्यांच्या रांगा एकमेकींत मिसळून नको असलेली नक्षी उमटते. म्हणून काळ्या शाईची जाळी ४५ अंश, किरमिजी ७५ अंश, निळसर हिरवी १५ अंश व पिवळी शून्य अंश अशा कोनांत ठेवण्याचा प्रघात पडला. गडद अशा तीन शायांमध्ये ३० अंशांचे अंतर राहते आणि डोळ्यांना सर्वांत कमी जाणवणारी पिवळी शाई उरलेल्या जागी बसते.

रंगविभाजन यंत्राने होऊ लागले, तरी कारागिराचे महत्त्व कमी झाले नाही. शायांच्या अशुद्धतेमुळे यांत्रिक विभाजनातून निघालेले चित्र मळकट दिसे. ठसे तयार करणारे कुशल कारागीर तांब्याच्या ठशावरील ठिपके आम्लाने निवडकपणे लहान करून आणि पुढे फिल्मवर रसायनांनी व ब्रशने संस्करण करून हा दोष दूर करीत. चेहऱ्याचा रंग, आकाशाची निळाई, रेशमी वस्त्राची झळाळी हे सर्व त्यांच्या हाती असे. एकाच चित्रावर दोन कारागिरांनी काम केले, तर निष्पत्ती वेगळी होई. कोणता कारागीर चुकला हे सांगण्यास नजरेशिवाय अन्य प्रमाण नव्हते.

मापनाचा उदय : हे प्रमाण रंगमापनशास्त्राने दिले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये प्रमाणभूत निरीक्षक ही संकल्पना स्वीकारली. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइट यांनी दहा आणि जॉन गिल्ड यांनी सात निरीक्षकांवर केलेल्या प्रयोगांतून तीन मूळ प्रकाशांच्या किती प्रमाणात कोणता रंग जुळतो, हे निश्चित करण्यात आले होते. अवघ्या सतरा व्यक्तींच्या दृष्टीच्या सरासरीवर उभारलेली ही पद्धती पुढे सर्व उद्योगांत वापरली जाऊ लागली. तीमुळे कोणताही रंग, तो कशापासून बनला आहे याचा विचार न करता, तीन अंकांनी व्यक्त करता येतो. भारतीय राष्ट्रध्वजाच्या कापडाच्या मानकातही केशरी, हिरवा व निळा हे रंग याच पद्धतीच्या निर्देशांकांनी नमूद केलेले आहेत. समान अंकीय अंतर म्हणजे डोळ्यांना जाणवणारा साधारण समान फरक व्हावा, या हेतूने आयोगाने १९७६ मध्ये सुधारित पद्धती प्रसिद्ध केली. तीत एक अंक उजळपणाचा असून दुसरा लाल-हिरव्या व तिसरा पिवळ्या-निळ्या दिशेचा असतो. दोन रंगांतील फरक एकाच संख्येने सांगण्याची सोय तीमुळे झाली आणि मुद्रक व ग्राहक यांच्यातील वादाला मोजमापाची भाषा मिळाली.

मुद्रणशाळेत मात्र आधी पोहोचला तो घनतामापक म्हणजे डेन्सिटोमीटर. शाईचा थर किती प्रकाश शोषतो हे तो मोजतो. त्याच्या साहाय्याने ठिपक्यांच्या वाढीचाही अभ्यास झाला. यंत्राच्या दाबाने शाई पसरते व कागदात शिरलेला प्रकाश ठिपक्याच्या कडेखाली अडकतो. त्यामुळे पट्टिकेवर ५० टक्के असलेला ठिपका कागदावर ६५ ते ७० टक्क्यांइतका गडद दिसू शकतो. कागद जितका सच्छिद्र तितकी ही वाढ अधिक. म्हणून वृत्तपत्रासाठी व गुळगुळीत कागदासाठी एकच रंगविभाजन चालत नाही.

क्रमवीक्षक व बंद पद्धती : १९३७ च्या सुमारास कोडॅक कंपनीतील मरी व मोर्स यांनी चित्रातील रंग बिंदूबिंदूने वाचून विद्युतीय रीतीने रंगविभाजन करणाऱ्या क्रमवीक्षकाची म्हणजे स्कॅनरची कल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धानंतर टाइम या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने तिचा विकास केला. पुढे जर्मनीतील रूडोल्फ हेल (१९०१–२००२) व इंग्लंडमधील क्रॉसफील्ड यांच्या कंपन्यांची यंत्रे जगभर पसरली आणि १९७९ मध्ये इझ्राएलच्या सायटेक्स कंपनीने संगणकाच्या पडद्यावर चित्रसंस्करण करणारी पद्धती आणली. ही यंत्रे अतिशय महाग असत व सामान्यतः एकाच कंपनीची यंत्रे एकमेकांशी जोडलेली असत. प्रशिक्षित चालक चित्र पाहून चार शायांचे टक्के थेट ठरवी. हे टक्के कोणत्या कागदावर व यंत्रावर छापले जाणार आहेत, हे त्याला ठाऊक असे. शुद्ध रंगांच्या शायांसाठी १९६३ मध्ये अमेरिकेत पँटोन कंपनीने क्रमांकित रंगनमुन्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यामुळे बोधचिन्हे व वेष्टने यांचा रंग क्रमांकाने सांगण्याची प्रथा पडली. ल ब्लाँच्या काळापासून कारागिराकडे असलेले ज्ञान या काळात यंत्रचालकाच्या अनुभवात व यंत्राच्या मांडणीत साठविले गेले, पण ते मुद्रणगृहाबाहेर पडले नाही.

खुली पद्धती व आंतरराष्ट्रीय संघटना : १९८४ मध्ये अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा प्रसिद्ध केली. १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेसर मुद्रक व पेजमेकर ही पृष्ठरचनेची आज्ञावली बाजारात आली, तर १९९० मध्ये फोटोशॉप ही चित्रसंस्करणाची आज्ञावली आली. परिणामी पृष्ठरचना व चित्रसंस्करण लहान कार्यालयांत, सामान्य संगणकांवर होऊ लागले. मुद्रणगृहाच्या भिंतीआड असलेली साखळी तुटली. एका ठिकाणी चित्र वाचले जाई, दुसऱ्या ठिकाणी पृष्ठ जुळविले जाई व तिसऱ्या शहरात छपाई होई. दस्तऐवजाबरोबर केवळ अंक प्रवास करीत आणि त्याच अंकांतून प्रत्येक यंत्र वेगळा रंग निर्माण करी. पडद्यावर पसंत केलेला रंग कागदावर न उतरल्यास दोष चित्रकाराचा, जुळणीकाराचा की मुद्रकाचा, हे सांगणे अवघड झाले. वाया गेलेल्या कागदाचा व शाईचा खर्च मात्र कोणावर तरी पडेच.

यावर उपाय म्हणून १९९३ मध्ये अडोबी, आग्फा, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट इत्यादी आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंगसंघटना स्थापन केली. म्यूनिक येथील फोग्रा ही मुद्रणसंशोधन संस्था तिच्याशी प्रारंभापासून संबंधित होती. संघटनेने प्रत्येक साधनाच्या रंगगुणांचे एका ठराविक स्वरूपातील वर्णन निश्चित केले. या वर्णनास प्रोफाइल म्हणतात. अ‍ॅपलने त्याच वर्षी आपल्या संगणकप्रणालीत अशा रूपांतराची सोय केली. संघटनेचे विनिर्देश २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. समांतर रीतीने १९९६ मध्ये ऑफसेट मुद्रणाच्या नियंत्रणाचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. २००४ व २०१३ मध्ये ते सुधारण्यात आले. मुद्रणासाठी द्यावयाच्या पीडीएफ दस्तऐवजांचे पीडीएफ-एक्स हे मानक २००१ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती : प्रोफाइल हे दुभाष्यासारखे कार्य करते. पडद्यावरील लाल, हिरव्या व निळ्या अंकांचे प्रथम आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाच्या साधननिरपेक्ष अंकांत व त्यांचे पुढे विशिष्ट मुद्रणस्थितीतील चार शायांच्या टक्क्यांत रूपांतर होते. प्रोफाइल तयार करण्यासाठी त्या मुद्रणयंत्रावर शेकडो रंगचौकोनांचा तक्ता छापून प्रत्येक चौकोन वर्णपटमापकाने मोजतात. तत्पूर्वी यंत्र व पडदा यांचे अंशशोधन करणे आवश्यक असते; अस्थिर यंत्राचे प्रोफाइल निरुपयोगी ठरते. रंगकक्षेबाहेरील रंगांबाबत काय करावे, याचे चार पर्याय ठरविलेले आहेत. छायाचित्रांसाठी सर्व रंग प्रमाणात आत ओढून त्यांचे परस्परसंबंध टिकविता येतात किंवा मिळू शकणारे रंग तसेच ठेवून केवळ बाहेरचे रंग सर्वांत जवळच्या रंगावर आणता येतात. तिसऱ्या पर्यायात कागदाचा रंगही विचारात घेतला जातो व तो मुख्यतः नमुना प्रतीसाठी वापरतात. चौथ्यात आलेख व तक्ते यांसाठी भडकपणाला प्राधान्य मिळते. यांपैकी कोणता पर्याय निवडावा हे यंत्र सांगू शकत नाही. तो निर्णय चित्र पाहणाऱ्या माणसालाच घ्यावा लागतो.

दस्तऐवज तयार करताना प्रथम कागद व मुद्रणपद्धती निश्चित करून मुद्रकाकडून त्या स्थितीचे प्रोफाइल घेतात. प्रत्येक चित्रास त्याचे स्वतःचे प्रोफाइल जोडलेले असावे लागते. ते नसल्यास अंकांचा अर्थ लावण्याचे काम तर्कावर सोपविले जाते. मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवतात, कारण चार शायांतील बारीक अक्षरे शाया किंचित सरकल्या तरी धूसर दिसतात. एका जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज मर्यादित ठेवतात. गुळगुळीत कागदावर ती साधारण ३०० ते ३३० टक्के, तर वृत्तपत्राच्या कागदावर २२० ते २४० टक्क्यांच्या आसपास असते. मर्यादा ओलांडल्यास शाई वाळत नाही व पुढच्या कागदाला लागते. शेवटी प्रोफाइलनुसार काढलेली नमुना प्रत प्रमाणित प्रकाशात, म्हणजे सुमारे ५,००० केल्व्हिन रंगतापमानाच्या दिव्याखाली, तपासतात. खिडकीतील प्रकाशात किंवा घरगुती दिव्याखाली दिलेली संमती पुढे वादाचे कारण ठरते.

मर्यादा : अंकांनी कारागिराची सर्व कामे घेतलेली नाहीत. एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळलेली प्रतिदीप्त द्रव्ये अतिनील प्रकाशाचे निळ्या प्रकाशात रूपांतर करतात. त्यामुळे मापकाचा प्रकाशस्रोत बदलला की मोजमापही बदलते. २००९ मध्ये मापनाच्या मानकात या स्थिती स्पष्टपणे वेगळ्या करण्यात आल्या. याखेरीज शेजारच्या रंगाचा डोळ्यांवर होणारा परिणाम, त्वचा, गवत व आकाश यांसारख्या परिचित वस्तूंच्या रंगांविषयीची अपेक्षा आणि चित्राचा आशय या बाबी कोणत्याही प्रोफाइलमध्ये सामावत नाहीत. दोन रंगांतील मोजलेला फरक सारखाच असला, तरी तो पार्श्वभूमीच्या करड्या रंगात खपून जातो व चेहऱ्यावर लगेच खटकतो.

रंगव्यवस्थापनामुळे रंग अचूक होतोच असे नाही. तो अपेक्षित व पुन्हा मिळविण्याजोगा होतो. पूर्वी एका कारागिराच्या हाती असलेली जबाबदारी आता छायाचित्रकार, चित्रकार, जुळणीकार व मुद्रक यांच्यात विभागली गेली आहे. प्रत्येकाने आपल्या टप्प्यावरील रंगाचा अर्थ लिहून पुढे द्यावा, ही या व्यवस्थेची मुख्य अट आहे. ती पाळली गेल्यास चूक कोठे झाली हे शोधता येते व सुधारता येते. न पाळल्यास अत्याधुनिक साधने असूनही मुद्रक पुन्हा ल ब्लाँच्याच स्थितीत, म्हणजे केवळ नजरेच्या भरवशावर, काम करीत राहतो.